ताईची कवळी

कवळीमामा त्या परक्या विमानतळावर उतरला तेव्हा आपण शेवटचे कधी झोपलो होतो हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. म्हणजे बघा, निघाला परवा, पोचायचा काल, आणि पोचला आज. पहिलं विमान चार तास उशिरा सुटलं, म्हणून दुसरं चुकलं, म्हणून मधल्याच कुठल्यातरी देशात लोखंडी खुर्चीवर मान वाकडी करून पडून राहावं लागलं. आणि आज म्हणजे आजच, दुपारी तीन वाजता, त्याच्या भाच्याचं लग्न. नोंदणीचं, सह्यांचं, दहा मिनिटांत आटपणारं, पण लग्न ते लग्न.

कवळीमामा हे नाव अर्थातच धंद्यावरून पडलेलं. तो डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडाचं माप घेतो आणि पुढचं सगळं मामा करतो, म्हणजे प्लास्टरचा साचा ओतायचा, त्यावर दात बसवायचे, घासायचे, चमकवायचे. तीस वर्षं हेच. आमच्या आळीतली निम्मी म्हातारी माणसं त्याच्याच कृपेने हसतात.

तर झालं असं, की मामाची ताई भाच्याकडे राहते, तिची वरची कवळी दहा दिवसांपूर्वी बेसिनमध्ये पडली आणि मधोमध तुटली. तिथल्या डॉक्टरने तारीख दिली ती तीन आठवड्यांनंतरची. झालं, ताईने जाहीर करून टाकलं की मी लग्नाला येत नाही. सुनेच्या माहेरची माणसं पहिल्यांदा भेटणार आणि मी त्यांच्यापुढे बोळकं घेऊन बसू होय? भाचाही तिचाच मुलगा, तो म्हणाला तू नाहीस तर मी सही करत नाही. दोघंही हटेनात. शेवटी मामाला फोन. मामाचं तिकीट लग्नासाठी काढलेलंच होतं आणि ताईच्या जबड्याचा, जुनी कवळी केली तेव्हाचा साचा त्याच्या फळीवर सहा वर्षं धूळ खात पडला होता. चार दिवसांत त्याने नवी कवळी केली, अशी केली की तो स्वतःच ती उजेडात धरून दोनदा हसला.

पण त्याचं ज्ञानच त्याला नडलं. नवी कवळी कोरडी ठेवायची नसते, आकसते. म्हणून त्याने ती पाण्याच्या डबीत घातली. हातातल्या पिशवीत पाणी चालत नाही असं शेजाऱ्यांनी बजावलं होतं, म्हणून डबी गेली मोठ्या बॅगेत. आणि प्लास्टरचा साचा आपटला की फुटतो, म्हणून तो राहिला हातातल्या पिशवीत. पाण्याऐवजी ओल्या टॉवेलात गुंडाळून कवळी हातातल्या पिशवीत घेता आली असती, हे त्याला कधी सुचलं, तर विमान ढगात गेल्यावर.

असो. उतरल्यावर आधी सरकत्या पट्ट्यांवरून चाल चाल चालला, मग पासपोर्टच्या रांगेत तासभर उभा राहिला. रांग पुढे सरकली की पिशवी पायाने ढकलायची, इतपतच ताकद उरलेली. नंबर आला तर यंत्र त्याच्या बोटांचे ठसेच घेईना. तीस वर्षं प्लास्टर आणि दात घासून बोटांवर रेघाच राहिल्या नव्हत्या. काचेमागच्या अधिकाऱ्याने बोटं पुसायला लावली, दाबायला लावली, मग दुसऱ्या खोलीत बसवलं. तिथे पिशवी उघडली आणि आतून निघाला जबडा. तो अधिकारी जबड्याकडे बघतोय, मामाकडे बघतोय. मामाने थकून स्वतःच्या दातांवर टकटक केलं, मग हवेत घासून दाखवलं. अधिकाऱ्याने तोंड फिरवून हसू दाबलं आणि शिक्का मारला.

बॅगांच्या पट्ट्यापाशी पोचला तेव्हा पट्ट्यावर एकच गुलाबी बॅग फिरत होती, तीही कुणाचीतरी. मामा तिला सात फेऱ्या बघत राहिला. मग ती पण थांबली.

हरवलेल्या बॅगांच्या खिडकीतल्या बाईने फॉर्म भरून घेतला, चित्रातल्या बॅगांमधून आपल्यासारखी दाखवायला लावली आणि तीन बोटं वर केली. तीन दिवस. मामाला वाटलं होतं आपण भांडू, टेबलावर हात आपटू, पण त्याने फक्त मान डोलावली आणि फॉर्मची पिवळी प्रत घडी करून खिशात ठेवली.

विमानतळाचं फुकटचं वायफाय लागल्याबरोबर फोन वाजला. ताई. तिने ना प्रवास विचारला, ना चहा.

"आणलीस का?"

आणि मामाच्या तोंडून निघून गेलं, "आणली."

आता हे तो का बोलला? त्याला स्वतःलाही कळलं नाही. नाही म्हटलं असतं तर पुढे किती बोलावं लागलं असतं, तेवढं बोलायचा जीवच नव्हता. ताई म्हणाली बरं झालं, साडी काढून ठेवते. मग भाच्याने फोन घेऊन समजावलं की मामा, गाडी थेट शहरात येते, शेवटच्या स्टेशनवर उतरा, मी बाराला घ्यायला येतो.

गाडीत मामाला खिडकीची जागा मिळाली. बाहेर गोदामं गेली, मग उंच इमारती, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, एक शाळेचं मैदान. नवा देश बघायला मिळतोय आणि मामाला दिसतंय काय, तर साडी काढून ठेवलेली ताई. दर स्टेशनला वाटे, आता फोन करून खरं सांगावं. पण गाडीत वायफाय नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते नाही याचं त्याला बरंच वाटत होतं. मांडीवर जबडा. डोळे मिटले की डोकं काचेवर आपटायचं.

शेवटच्या स्टेशनवर उतरला तेव्हा साडेअकरा झाले होते. जिन्याखाली लांबलचक बोगदा, दोन्ही बाजूंना दुकानं. मामा पाय ओढत चाललाय, आणि एकदम थांबला. वास. तिखट, गोडसर, नाकातून थेट कपाळात जाणारा. त्याच्या दुकानाचा वास. कवळीची पावडर ज्या पातळ औषधात कालवतात, हुबेहूब त्याचा. तीस वर्षं बायको ज्या वासावरून त्याला दारातच अंघोळीला पिटाळायची, तो इथे, परमुलखात, जमिनीखाली.

वासामागे गेला तर काय, नखांचं पार्लर. आत तोंडाला मास्क लावलेली एक बाई, एकटीच. टेबलावर पावडरची डबी, पातळ औषधाची काचेची वाटी, ब्रश, आणि ते बोटभर लांबीचं घुर्र करणारं घासायचं मशीनसुद्धा. बाईने त्याला बसवलं, त्याचा हात ओढून घेतला, ती गुळगुळीत बोटं बघून चुकचुकली आणि नखं घासायलाच लागली. मामाने दुसऱ्या हाताने पिशवीतून जबडा काढून टेबलावर ठेवला. बाईने हात सोडला.

मग खुणा सुरू. साचा, त्यावर मोडलेली दोन अर्धी, मध्ये पावडर, त्यावर औषध, घुर्र. बाईला दोनदा नाही कळलं, तिसऱ्यांदा कळलं. तिने शेजारची खुर्ची सरकवली आणि मामाने फोन काढल्यावर भिंतीवरच्या वायफायच्या पाटीकडे बोट केलं.

मामाने फोन लावला.

"ताई, जुने तुकडे आहेत ना?"



"म्हणजे आणली नाहीस."

"बॅग आली नाही गं. तुकडे घेऊन तू पोराबरोबर इथे ये, स्टेशनखालच्या बोगद्यात, नखांच्या दुकानात. मी जोडतो."

"अशी? बाहेर? छोट्या, मी या तोंडाने दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही दहा दिवस."

मामाने पटवून द्यायचं ठरवलं होतं, दोन-तीन मुद्देही तयार होते. पण त्याने डोकं भिंतीला टेकवलं आणि निघालं ते भलतंच. "ताई, मला आता उठवू नकोस गं. दोन दिवस झाले, नुसता उठतोय आणि बसतोय. ये ना तू."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

सव्वाबाराला बोगद्यातून भाचा आला आणि त्याच्यामागे स्कार्फने नाकापर्यंत गुंडाळलेली, चांगल्या साडीतली ताई. तिने रुमालाची गाठ टेबलावर ठेवली. मग मामाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "केवढा उतरलायस." मामाने लगेच गाठ सोडायला घेतली.

औषध चिकटू नये म्हणून साच्याला क्रीम चोळलं, दोन्ही अर्धी बसवली. चीर घासून रुंद केली, पावडर, थेंब, पावडर, थेंब. आता गंमत बघा, दोन दिवस ज्या हातांना पिशवीही उचलवत नव्हती ते तिथे दगडासारखे स्थिर. बाई मास्कवरून टक लावून बघत होती आणि बरोबर वेळेला बरोबर ब्रश पुढे करत होती. कडक होईपर्यंत सगळे साच्याकडे बघत बसले. मग घासणं, चमकवणं, गरम पाण्यात बराच वेळ ठेवणं. जोड पांढरट दिसत होता, पण टाळूच्या बाजूला, कुणाच्या बापाला दिसणार नव्हता. मामाने सांगून ठेवलं, आजच्यापुरती घाल, खाताना काढ, बॅग आली की हिला सुट्टी.

ताईने स्कार्फच्या आड कवळी बसवली. जबडा हलवला. मग स्कार्फ काढून त्या पार्लरच्या आरशात बघितलं आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय."

तीन वाजता त्या सरकारी खोलीत सुनेकडची माणसं एका बाजूला, इकडची दुसऱ्या बाजूला, आणि मामा मागच्या बाकावर. सह्या होत होत्या आणि मामाचं लक्ष एकाच गोष्टीकडे. कवळी सैल असली की बोलताना टकटक वाजते, आणि त्याचे कान त्यासाठीच तयार झालेले. सुनेच्या आईने काहीतरी सांगितलं, भाच्याने त्याचा अर्थ सांगितला, आणि ताई हसली. तोंडावर हात न ठेवता, मोकळी.

मामाने कान दिला. टकटक नाही.

लग्नाच्या फोटोत मागच्या बाकावर एक माणूस मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेला दिसतो ना, तो कवळीमामा. ताईने त्याला फोटोसाठी उठवू दिलं नाही.