पर्लची घंटा

व्हर्लिन टिप्टनने बंदुकीची बारूद ठेवायच्या शिंगाचं बूच दातांनी उपटलं, आणि नेमकं तेवढ्यात मागून त्याच्या जुन्या दोस्ताने, हॉबर्टने, तोंड उघडलं.

"काय रे, यंदा टोमॅटो लावलेस की माझेच चोरणार?"

बूच दातांत धरून कुणाला उत्तर देता येत नाही. व्हर्लिनने ते शिंगावर परत ठोकलं आणि वळला.

"तुझे टोमॅटो? अरे, डुकरंसुद्धा नाक मुरडतात त्यांना!"

बाकांवर हशा पिकला. बंदूक भरणाऱ्याशी बोलायचं नाही, ही पाटी केन क्रीकच्या नेमबाजीच्या मैदानात हॉबर्टनेच कोरून टांगलेली. पण स्वतःचा नियम स्वतः पाळील तर तो हॉबर्ट कसला! व्हर्लिन खुशीत पुन्हा कामाला लागला. चरबी लावलेला कापडाचा तुकडा त्याने नळीच्या तोंडावर ठेवला, त्यावर शिशाची गोळी ठेवली आणि गजाने दोन्ही पार बुडापर्यंत रेटली.

बंदूक त्यानेच घडवलेली होती. दोनशे वर्षांपूर्वी टेनेसीच्या आमच्या या डोंगरात जशा घडवत, हुबेहूब तशी. मेपलच्या लाकडाचा दस्ता, उंच माणसाच्याही छातीला लागेल अशी लांब नळी, आणि भरायची तोंडाकडून. साठ यार्डांवर प्रत्येकाची आपापली जळकी फळी, फळीवर सुरीने ओढलेली फुली. पाच बार, आणि पहिल्या नंबराला बक्षीस बैलाची मागची तंगडी. व्हर्लिनचे तीन बार झाले होते आणि तिन्ही फुलीच्या आसपास होते.

पण तंगडीचं कुणाला पडलं होतं! एप्रिलमध्ये व्हर्लिन चर्चला निघाला आणि पन्नास वर्षांच्या पायाखालचा रस्ता चुकला. दुपारी हॉबर्टला तो जुन्या खाणीपाशी गाडीत बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची ही सुरुवात आहे. पुढच्याच शनिवारी व्हर्लिनने मैदानात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ज्या दिवशी मी बारूद घालायला विसरेन, त्या दिवशी बंदूक खुंटीला. विसरभोळ्याच्या हातात बंदूक नको."

तेव्हापासून त्याच्या हातांवर सगळ्यांची नजर. लोक त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं गोडगोड बोलायला लागले. थट्टा करायचं कुणी थांबलं नसेल तर फक्त हॉबर्ट.

तसं पाहिलं तर बारूद विसरणं ही आमच्याकडे रोजचीच गोष्ट. गप्पांच्या नादात नुसती गोळी ठासायची, आणि मग बसायचं बोंबलत. त्याला शिक्षा एकच. दिवसाचा शेवटचा बार होईपर्यंत गळ्यात गाईची घंटा. ती घंटाही व्हर्लिनच्याच पर्ल गाईची. अडतीस वर्षांपूर्वी खास हॉबर्टच्या गळ्यात बांधायला त्याने ती घरून आणली होती. हॉबर्टने ती एकोणीस वेळा घातली, व्हर्लिनच्या बायकोने, ओनिडाने, अकरा वेळा. व्हर्लिनने एकदाही नाही.

व्हर्लिनने ठिणगी पाडणारी तांब्याची इवलीशी टोपी घोड्याखाली बसवली, बंदूक खांद्याला लावली, नेम धरला आणि चाप ओढला.

टक्.

टोपी वाजली. ना धूर, ना आवाज.

अशा वेळी बंदूक निशाण्याकडे रोखून मिनिटभर तसंच उभं राहावं लागतं. एखादी ठिणगी उशिरा पेटली तर काय घ्या! व्हर्लिन उभा राहिला. पण त्याला कळलं होतं. त्याने डोळे खाली करून शिंगाकडे पाहिलं. बूच घट्ट बसलेलं होतं. मक्याची भाकरी कापता कापता ओनिडाचा हात थांबला. बाकांवरची माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. एरवी या 'टक्'वर नुसता दंगा उसळायचा. आज कुणी हसेना. त्या मिनिटात व्हर्लिनला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं.

मिनिट संपलं. तो मागे आला आणि त्याने बंदुकीची खोळ उघडली.

खण्, खण्, खण्!

हॉबर्ट घंटा डोक्यावर धरून, नाचवत येत होता.

"अडतीस वर्षं! अडतीस वर्षं या दिवसाची वाट बघतोय मी! मान पुढे कर, म्हाताऱ्या!"

"हॉबर्ट, मी शब्द दिलाय. बंदूक खुंटीला."

"खुंटी कुठे पळून चाललीय? आधी नियम. घंटावाल्याने उरलेले बार मारायचेच. नियम कुणी लिहिले?"

"तू."

"मग? मान!"

"घाल, घाल त्याला!" ओनिडा सुरी परजत ओरडली. "अकरा वेळा मला घालताना कसे दात काढत होता!" ती हसत होती आणि बाहीने डोळेही पुसत होती.

घंटा गळ्यात पडली आणि कुणीतरी गाईसारखं हंबरलं. मग काय, बाकंच्या बाकं हंबरायला लागली. व्हर्लिनने ओठ दाबून धरले, पण ते त्याला फार वेळ जमेना. एप्रिलपासून असं मनमोकळं त्याला कुणी हसलं नव्हतं. तोही पोट धरून हसला.

चिमूटभर बारूद बुडाच्या भोकातून आत सारून त्याने अडकलेली गोळी उडवली. ती वीसेक यार्डांवर मातीत जाऊन पडली, त्यावर पुन्हा एकदा हंबरणं झालं. मग त्याने बंदूक नीट भरली. या वेळी आधी बारूद.

खांद्याला बंदूक लागली आणि घंटा किणकिणली. आपला हात इतका हलतो, हे व्हर्लिनला आजवर डोळ्यांनी कधी कळलं नव्हतं, ते आता कानांनी कळलं. त्याने श्वास सोडला. किण. थोडं थांबला. कि... मग घंटा गप्प झाली. त्याने चाप ओढला.

धुराचा लोट विरला. दुर्बिणीला डोळा लावून बसलेली पंच डेला ओरडली, "फुली तोडली!"

पुढचा बारही त्याने घंटा गप्प झाल्यावरच मारला. तोही तिथेच.

आता उरला होता फक्त हॉबर्टचा शेवटचा बार. त्याचे चारही बार असे लागले होते, की हा धड लागला असता तर तंगडी त्याचीच. हॉबर्ट रेषेवर आला. कापड नळीवर ठेवलं, गोळी ठेवली, गज घातला. हे सगळं करताना तो थेट व्हर्लिनकडे बघत होता. शिंग त्याच्या कमरेला तसंच लोंबत होतं.

व्हर्लिनने ते पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, पण भरणाऱ्याशी बोलायचं नसतं. तोंड परत मिटलं.

टक्.

हॉबर्टने मिनिटभर बंदूक रोखून धरली, वर शिट्टीही वाजवली. मग मागे वळून न बघताच म्हणाला,

"आण ती घंटा इकडे. टोमॅटोच्या गप्पा मीच काढल्या होत्या."

व्हर्लिन गेला. स्वतःच्या गळ्यातली घंटा काढून त्याने हॉबर्टच्या गळ्यात बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"वीस," तो म्हणाला. "ही तुझी विसावी. विसरलोय असं समजू नकोस. आणि पुढच्या महिन्यात एकविसावी, मी आहेच इथे मोजायला."