पुसता न येणारी सीडी

ताईने साडेदहाला गोळी घेतली. अकराला तिची बोटं मोकळी झाली, तिने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, मी बटण दाबलं आणि माझ्या रेकॉर्डरने कोरी सीडी बाहेर ढकलली. मी ती सदऱ्याला पुसून पुन्हा घातली. पुन्हा बाहेर. डब्यातली दुसरी घातली, तिसरी घातली. सगळ्या एकाच माळेचे मणी!

कंपवाताची गोळी लागू पडली की जेमतेम तासभर ताईची बोटं तिची असतात. वर्षापूर्वी चार तास असायची. आता कमीच होत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिने स्वतः बांधलेली वीस मिनिटांची एक चाल आहे. ती तिच्या डोक्यात आणि बोटांत सोडून कुठेही नाही. आज ती या मशीनमध्ये उतरली नाही तर पुढच्या महिन्यात उतरेल, याची हमी कोण देणार?

"काय झालं रे?"

"काही नाही. सीडी बदलून आणतो."

"मग पुसता येणारी आण. पहिल्या फटक्यात माझ्याकडून धड वाजायचं नाही."

चूक माझीच होती. दुकानदाराने आदल्या दिवशीच सांगितलं होतं की घरगुती रेकॉर्डरला 'संगीतासाठी' असं छापलेलीच सीडी लागते. कॉम्प्युटरच्या सीडीवर मशीनला हवी ती खूण नसते. पण मी त्यालाच शिकवलं, "अहो, गोल ती गोल. महागातली गळ्यात मारू नका." अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दुकान दोन चौक पलीकडे. साठीच्या माणसाने धावू नये तसा मी धावलो. माझं तोंड बघून दुकानदाराने टोमणासुद्धा मारला नाही. त्याने समोर दोन पाकिटं ठेवली.

"ही एकदाच भरायची. आवाज उतरला की कायमचा. आणि ही हवी तितक्या वेळा पुसा, पुन्हा भरा. पहिल्यांदाच करताय ना? मग हीच न्या. चुकलं तरी हळहळ नको."

सल्ला शहाणपणाचा होता. मी ते पुसायचं पाकीट उचललं आणि खरी भीती मला तेव्हा वाटली. आमची ताई स्वतःचं काही शिल्लक ठेवत नाही. हीच चाल तिने दहा वर्षांपूर्वी कॅसेटवर भरली होती. एक सूर जरा खाली लागला म्हणून पुसली. पुन्हा भरली, पुन्हा पुसली. महिनाभराने कॅसेट कोरीच. तेव्हा आम्ही हसलो होतो, कारण उद्या होता. आता ती आज पुसेल, उद्या पुसेल, आणि एक दिवस पुसून झाल्यावर भरायला बोटंच नसतील. मी ते पाकीट परत काउंटरवर ठेवलं.

"एकदाच भरायची द्या," मी म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. "पुसायची संपली होती," मी दारातूनच ठोकून दिलं. मशीनने सीडी घेतली, लाल दिवा लागला, ताई वाजवू लागली. मी श्वास घेतला असेन, पण आठवत नाही. बाराव्या मिनिटाला तिचं तिसरं बोट घसरलं आणि तार खरखरली. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. ती पुढे वाजवत राहिली. शेवटी बोटं जड व्हायला लागली, तशी तिने चालच संथ केली आणि कशीबशी पार नेली.

भरलेला आवाज सीडीवर पक्का करायला मशीनला दोन मिनिटं लागतात, मध्येच वीज तुटली तर सगळं वाया. तेवढा वेळ मी प्लगपाशी पहारा दिला.

"मध्ये घसरलं," ताई म्हणाली. "पुसून टाक."

"पुसता येत नाही." मग माझ्याने राहवेना. "दुकानात होत्या पुसायच्या. मीच आणल्या नाहीत. कॅसेटचं केलंस तेच केलं असतंस तू, ताई. मी फार घाबरलो."

आता ती मला फाडून खाणार, म्हणून मी मान खाली घातली. तिचा डावा हात मांडीवर थरथरायला लागला होता. तिने तो उजव्याने दाबून धरला, तर तोही थरथरत होता.

"लहानपणापासून मी सांगितलेली एक तरी वस्तू धड आणली आहेस का तू?" ती म्हणाली. "पुसता येणारी आण म्हटलं की तू उलटीच आणणार, हे ठाऊक होतं मला."

मी मान वर केली.

"मलाही माझीच भीती वाटते रे. पुसता आली नाही तरी मोडता येतेच. आता ती कपाटात ठेव, कुलूप लाव, आणि मी कितीही मागितली तरी किल्ली मला देऊ नकोस."