शॉर्ट-टेम्पर्ड

"तो जरा शॉर्ट-टेम्पर्ड आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "एरवी देवमाणूस. राग आला की त्याचं त्यालाच कळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. सून तपासणीच्या टेबलावर पालथी पडली होती. कमरेवर पट्ट्याच्या बकलाचा चौकोन तीनदा उमटला होता. डाव्या बरगडीला बोट लागताच तिचा श्वास अडकला. जखमांच्या दाखल्यावर माणसाच्या दोन आकृत्या छापलेल्या असतात, पुढून आणि मागून. डॉक्टरीणबाई प्रत्येक जखम मोजून त्यावर लाल खूण करत होत्या.

"जिन्यावरून पडले," सून म्हणाली. "तसंच लिहा. नाहीतर ते घरात घेणार नाहीत."

"कधी पडलात?"

"आज सकाळी."

"आणि हे पिवळं पडलेलं?"

"तेव्हाही पडले होते."

"जिना फारच शॉर्ट-टेम्पर्ड दिसतोय तुमचा."

"शिकलेल्यांना चेष्टा सुचते!" सासूबाई फणकारल्या.

तेवढ्यात दाराला लाथ बसली. नवरा आत आला. "किती वेळ गं? सगळी गाऱ्हाणी सांगून झाली?" त्याने तिचे केस मुठीत धरून तिला टेबलावरून अर्धं खाली ओढलं. ट्रे कोसळला, कात्र्या फरशीवर उधळल्या. त्याने दुसरा हात उगारला आणि खिशातला फोन वाजला.

त्याने नाव पाहिलं. हात खाली आला. केस मुठीतच होते.

"हो साहेब. छे छे, रागावतोय कशाला? माझंच चुकलं. लगेच पाठवतो, साहेब."

आवाज लोण्यासारखा मऊ. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर.

फोन खिशात गेला. मग ठोसा आला, त्याच बरगडीवर. काहीतरी कट्‌कन मोडलं. डॉक्टरीणबाईंनी घंटा दाबून धरली. दोन वॉर्डबॉयनी त्याला दंडाला धरून फरफटत बाहेर नेलं, तेव्हाही तो लाथा झाडत होता.

टेबलाची कड धरून ती कशीबशी उठली. "तो कागद दाखवा."

छाती, पाठ, मांड्या लाल खुणांनी भरल्या होत्या. तिने आकृतीच्या कोऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग कोऱ्या हातांवर.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "त्याला सगळं कळतं."

सासूबाईंनी मान फिरवली.

"जिन्याचं काय लिहू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही." तिने त्यांच्या हातातलं लाल पेन घेतलं आणि आकृतीच्या पायाशी दोन खुणा केल्या.

"तळपाय राहिले होते तुमच्याकडून. तिथं सिगारेट."