वांग्यांचं गिऱ्हाईक

कपाशीच्या पेटत्या पऱ्हाट्यांतलं वांगं मंजुळाबाईंनी उघड्या हातानं पलटवलं आणि अभिमन आबांच्या मळ्यात भरीत खायला जमलेली मंडळी कौतुकानं हसली. भडगावच्या पंचक्रोशीत चिमट्याशिवाय वांगी भाजणाऱ्या एकट्या मंजुळा अक्काच. पंगतीतला सुकदेव मात्र हसला नाही. अक्कांच्या करंगळीला निखारा चिकटला होता आणि अक्का बोलण्यात दंग होत्या.

सुकदेव गावोगाव फिरून कुष्ठरोगाचे पेशंट शोधायचा. बावीस वर्षं झाली, अजून कंत्राटीच. पायाला भिंगरी, खांद्याला सरकारी पिशवी, आणि तो दिसला की घरांना आतून कड्या. त्याच्यामुळे बरे झालेले लोक बाजारात भेटले तर मान फिरवायचे. त्याला ओळख दाखवली तर गावाला आजार कळणार, हे त्यालाही समजत होतं. तरी दर वेळी मनाला लागायचंच.

दोन दिवस त्याला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी अक्का वावरात एकट्या वांगी तोडत होत्या, तिथं तो जाऊन उभा राहिला. मनगटाजवळ फिकट डाग होताच.

“हाऊ डाग आगना शे, भाऊ,” भाजल्याचं निमित्त पुढे करत अक्का म्हणाल्या.

त्यानं त्यांना डोळे मिटायला लावले, पेनाचं टोक लागलं की सांगा म्हणाला, आणि डागावर तीनदा टोक टेकवलं. अक्का वाट पाहत राहिल्या.

“लावा ना मंग,” त्या म्हणाल्या.

सुकदेवनं पेन तसंच डागावर टेकवून ठेवलं. अक्कांनी डोळे उघडले, पेन कुठे आहे ते पाहिलं आणि पदरानं हात झाकला.

गोळ्या फुकट आहेत, वर्षभर घेतल्या की आजार जातो, उशीर केला तर बोटं वाकतील, त्यानं परोपरीनं सांगितलं.

“चैत्रमा भूमिकानं लगीन शे,” अक्का म्हणाल्या. “ही पिशवी घिसन मना दारशी येऊ नका.”

लेकीचं लग्न मोडायची भीती त्यालाही कळत होती. तरी तो चारदा गेला आणि चारदा हात हलवत परतला. पाचव्यांदा पिशवी घरी ठेवून, साधी थैली घेऊन गेला आणि किलोभर वांगी मागितली. अक्कांनी आधी साधी थैली पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं आणि वांगी मोजून दिली. लग्नाच्या साड्यांचं निमित्त करून त्या धुळ्याला डॉक्टरांना दाखवून आल्या. आजार जाईल, पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मग दर महिन्याला थैलीच्या तळाशी गोळ्या जायच्या आणि वर वांगी यायची. तालुक्यात दुसरी भाजी पिकत नाही का, असं त्याची बायको कुंदाबाई विचारायची. तो तिलाही सांगू शकत नव्हता. भूमिकाचं लग्न झालं, त्याला अर्थातच आमंत्रण नव्हतं. दर महिन्याला पेनाचं टोक आणि दर महिन्याला अक्कांचं ‘लावा ना’. आपण उगाच आशा लावली की काय, या विचारानं तो कावून गेला.

पुढच्या हिवाळ्यात आबांच्या मळ्यात पुन्हा भरीत झालं. अक्कांनी सवयीनं जाळात हात घातला आणि चटकन मागे ओढला. त्यांनी बोटं तोंडात घातली, मग काढून निरखून पाहिली. मंडळींचा हिरमोड झाला.

“अक्का आते म्हतारी व्हयनी,” आबा म्हणाले. “चिमटा द्या रे तिले.”

सुकदेवचे डोळे भरून आले. धूर होता, कुणी काही विचारलं नाही.

वाढताना अक्का त्याच्यापुढे आल्या. आबांच्या पाहुण्यानं, हे कोण, म्हणून विचारलं.

“गिऱ्हाईक शेतस, वांगा लेवाले येतस,” अक्का त्याच्याकडे न बघता म्हणाल्या आणि भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत पुढे गेल्या.

सुकदेवनं मान खाली घातली आणि वर्षभरात पहिल्यांदा वांगं चवीनं खाल्लं.