निळ्या झाकणाखालचे उपाशी

माझ्या खानावळीतून कुणी अर्धपोटी उठून गेला, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. खानावळ खाली, घर वर. खाली छापखान्यातले कामगार जेवतात, टपालवाले जेवतात, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी आणि वर्षभर बायकोशी भांडून आलेले नवरे जेवतात. "मावशी, पुरे" हे मला ऐकूच येत नाही. शाळा माझी चौथीत सुटली, पण भुकेला माणूस मी पाठमोरा ओळखते. त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही.

सून मात्र भरपूर शिकलेली. मुलाने लग्नाचं सांगितलं तेव्हा मी विचारलं, "करते काय ती?"

"कॉलेजात असते. गोड्या पाण्यातल्या चपट्या कृमींवर संशोधन करते."

"कृमी झाले तर लोक औषध घेतात रे. ही पाळते?"

पाळतेच. यंदा कॉलेजात तिच्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलं आणि कृमींना तर अंधार हवा, गारवा हवा. मोठ्या माणसांचे लाड एवढे कुणी करत नाही. खानावळीच्या स्वयंपाकघरामागे कांद्या-बटाट्यांची कोठी आहे, खिडकी एवढीशी, जमीन गार. बाईसाहेब दोन पसरट काचेच्या बशा छातीशी धरून आल्या आणि बटाट्यांच्या वरच्या फळीवर मांडून मोकळ्या झाल्या. एकीला लाल झाकण, एकीला निळं.

"आई, या लालवाल्यांना आठवड्यातून एकदा मी कलेजी घालणार. तुमच्याकडूनच घेईन थोडी, नखाएवढी. आणि निळ्याला कुणी हात लावायचा नाही."

"का? ते सोवळ्यातले आहेत?"

"ते उपाशी आहेत."

मी पळी खाली ठेवली. "कधीपासून?"

"दोन महिने होतील."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती थट्टा करणाऱ्यातली नाही, तेवढा एक दोष आहे तिच्यात. मला समजावून सांगायला लागली, की हे प्राणी उपाशी राहिले म्हणून लगेच मरत नाहीत, आतून स्वतःलाच थोडं थोडं खातात आणि लहान होत जातात. वाळत नाहीत, वाकत नाहीत. डोकं, डोळे, पोट, सगळं बेताबेताने लहान, जणू मोठ्या माणसाचं पुन्हा मूल व्हावं. ते नेमके कसे लहान होतात, हेच तिचं काम. दर रविवारी मोजायचे. मोजमाप नीट निघालं तर कॉलेजातली तिची जागा पक्की, नाही तर वर्ष संपताच नारळ.

"स्वतःलाच खातात?" मी म्हटलं. "माझ्या कोठीत? बटाट्याचं पोतं शेजारी असताना?"

"आई, निळं झाकण," ती म्हणाली. "एवढंच."

आता मी काही कुणाच्या वस्तूत नाक खुपसणारी बाई नाही. पण कोठी माझी, तेव्हा आपल्या घरात कोण राहतंय हे पाहायला नको? दुपारी खानावळ रिकामी झाली की मी चष्मा लावून बघायला लागले. लाल बशीतले नखाएवढे लांब, निळीतले तांदळाच्या कणीएवढे. रंग चहाच्या गाळासारखा. डोकं त्रिकोणी, आणि त्यावर डोळे दोन, दोन्ही तिरळे, एकमेकांकडे पाहणारे. असे डोळे मी आमच्या थोरल्या जाऊबाईंचे पाहिलेत, शेजारणीच्या पानात जास्त काय वाढलंय ते पाहताना. डोक्याच्या दोन बाजूंना कानांसारखं काहीतरी, पण ते कान नव्हेत, त्यांनी म्हणे वास कळतो. चालणं असं की पाय नाहीत, वळवळ नाही, काचेवरून नुसतं सरकणं. सून म्हणाली, पोटाखाली बारीक केस असतात आणि ते स्वतःच चिकट रस्ता अंथरून त्यावरून जातात. कुणाचे उपकार नकोत, रस्तासुद्धा घरचा.

विचारलं की ती सांगायची. शिकलेल्या माणसाला ती एक खाज असते. हृदय नाही. रक्त नाही. श्वास कातडीतून. नर आणि मादी एकाच अंगात.

"म्हणजे भांडायला नवरा बाहेरून आणावा लागत नाही," मी म्हटलं.

आमचे हे दाराशी बसले होते. येणाऱ्याला "या" म्हणणं आणि जाणाऱ्याला "या हं" म्हणणं, दिवसभरात त्यांचं बोलणं तेवढंच. ते नुसते खाकरले.

"आणि आई, मधोमध कापलं तर डोक्याला नवी शेपटी येते आणि शेपटीला नवं डोकं. दोन पुरे प्राणी."

"मग आमच्या आचाऱ्याला काप एकदा. एक जण तरी वेळेवर येईल."

पण सगळ्यांत नवल त्यांच्या तोंडाचं. तोंड डोक्याला नाहीच मुळी! पोटाच्या मध्यावर. जेवायची वेळ झाली की तिथून एक पांढरी सोंड बाहेर येते, कलेजीत घुसते आणि ओढून घेते. आणि जेवण पचलं की उरलेलं टाकायलाही तेच भोक. दुसरी वाटच नाही. ज्या तोंडाने खायचं त्याच तोंडाने घाण टाकायची. अशी माणसं मी नावानिशी सांगू शकते, पण आत्ता विषय तो नाही.

तर लाल बशीचं जेवण मी पाहिलं. सुनेने कलेजीचा कण सोडला मात्र, सगळे अंधाऱ्या कडेकडून माना काढून आले, पंगतीला बसल्यासारखे गोल बसले. आणि शेजारी निळ्या बशीत ते कणीएवढे जीव. वास त्यांना येत असणार की नाही? माना काचेवर उचलून उचलून डोकी फिरवत होते. झोळी घेऊन दारात उभा राहिलेल्याला मी कधी हाकललं नाही, आणि माझ्याच घरात ही पंक्तिभेदाची रीत!

सुनेने रविवारी मोजलं. सोमवारी बाजारात कलेजी आली, लालचुटूक, ताजी. मी काय करणार?

हात लावायचा नाही म्हणाली होती, मी हात लावला नाही. दातकोरणीच्या काडीवर जिरेएवढी कलेजी घेतली आणि निळ्या बशीत सोडली. बाई गं! अर्धमेल्यासारखे पडलेले ते जीव जे सरकत आले! पोटातून सोंडा बाहेर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांदे होते तिथे, तेही असेल. जेवण झाल्यावर उष्टं उचलायला मला कुणी शिकवायला नको, सुनेने भरून ठेवलेल्या बरणीतलं पाणी बदललं, निळं झाकण होतं तसं ठेवलं.

पुढच्या सोमवारीही ताजी कलेजी आली. त्याच्या पुढच्याही.

मग एका रविवारी कोठीतून किंकाळी आली. मी झारा घेऊनच धावले, म्हटलं उंदीर. सून बशीवर वाकलेली, केस विस्कटलेले.

"आई, वाढलेत! उपाशी असून वाढलेत!"

"बरं झालं," मी म्हटलं.

"बरं काय? असं होतच नाही! कुणी काही घातलं का यांना? आचारी? बाबा?"

हे दारातून म्हणाले, "या."

"मला तर त्यांच्याकडे बघवतसुद्धा नाही," मी म्हटलं, आणि त्यात खोटं काय होतं? उपाशी असताना बघवतच नव्हतं.

तिने पाणी तपासलं, बशी तपासली, आणखी दोन रविवार मोजलं. वाढतच होते. मग तिने तिच्या सरांना सांगितलं, आणि सर हवेतच गेले. मोठ्या सभेत जाहीर करायचं, दूरदूरचे विद्वान येणार, अन्नावाचून वाढणारा प्राणी! ती रात्रीचं जेवण वाढून घेताना मला म्हणाली, "आई, मला भीती वाटते. हे खरं निघालं तर जागा काय, नाव होईल. पण मी उभी राहून सांगितलं आणि उद्या खोटं निघालं, तर मला कुठलंच कॉलेज दारात उभं करणार नाही. लबाड म्हणतील."

"लबाड कसं? वाढलेत ते वाढलेतच की."

"हो, पण कशाने?"

मी तिच्या ताटात आणखी भाजी घातली. त्या रात्री मला जरा जड झालं होतं खरं. पण मी मनाला म्हटलं, मोठी झाली ती लेकरं, यात लबाडी कसली? आणि कबूल करायचं म्हटलं तर काय कबूल करायचं? जेवायला घातलं, हा गुन्हा? मग मी जन्मभर तुरुंगातच बसायला हवं.

सर स्वतः बघायला येणार असं ठरलं. एका गुरुवारी, जेवणाच्या वेळी. आता पाहुणा येणार म्हटल्यावर घरातली माणसं टवटवीत दिसायला नकोत का? सुकलेली तोंडं घेऊन पाहुण्यासमोर उभं करायचं? सकाळीच मी निळ्या बशीला चांगलं पोटभर जेवू घातलं. काडीवर नव्हे, चमच्याने. लालवाल्यांनाही दिलं, भेदभाव नको. मग बशा पुसल्या, कोठी झाडली.

सर आले. उंच, बारीक, मान पुढे, शर्ट अंगावर वाळत घातल्यासारखा. पाठमोरे असते तरी मी सांगितलं असतं, सकाळपासून चहावर आहेत. "आधी जेवून घ्या," मी म्हटलं. "नको मावशी, आधी ते," म्हणाले. उपाशीपोटी बघायला गेले, तेच त्यांना नडलं.

सुनेने निळी बशी बाहेर आणली. सर ती घेऊन खिडकीशी गेले आणि उजेडात वर धरली, खालून बघायला. मी मान ताठ करून उभी. गुटगुटीत दिसत होते सगळे.

सरांनी बशी डोळ्यांजवळ नेली. मग सून वाकली.

"काय झालं?" माझा मुलगा म्हणाला.

ही जात आरपार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माणसाने चोरून खाल्लं तर कातडीमागे झाकतं. यांच्या अंगातून पलीकडचा उजेड अलीकडे येत होता आणि प्रत्येकाच्या आत एक काळपट झाड उभं होतं, एक फांदी डोक्याकडे, दोन शेपटीकडे, आणि सगळ्यांना बारीक बारीक डहाळ्या. नक्षी काढावी इतकं सुरेख.

"ही त्यांची आतडी," सून अगदी हळू म्हणाली. "भरलेली. आजच."

सरांनी बशी टेबलावर ठेवली आणि स्वतः बाकावर बसले. सुनेने आचाऱ्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहणार, तेवढ्यात दाराशी खुर्ची कुरकुरली.

"मी घातलं," आमचे हे म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. इतकं लांब वाक्य त्यांच्याकडून कुणी ऐकलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही?"

"दया आली," हे म्हणाले. "कलेजी घातली. बारीक कापून."

तिथे गप्प बसले असते तर मी सुटले होते. सून सासऱ्याला बोलली नसती, सर जेवून गेले असते. पण ऐकलंत? बारीक कापून! या माणसाने उभ्या जन्मात काकडी कापलेली नाही, आणि माझ्या हातचं वाढणं हा माणूस स्वतःच्या नावावर लावतोय?

"तुम्ही?" मी म्हटलं. "तुम्हाला कोठीचा दिवा कुठे आहे ते माहीत आहे? दर सोमवारी बाजारातून बघून बघून कोण आणत होतं? शिरा काढून, जिरेएवढी करून, काडीवर घेऊन कोण भरवत होतं? उष्टं कोण काढत होतं? म्हणे मी घातलं!"

हे खाली बसले. "मग तू घातलंस," म्हणाले.

"मीच घातलं! आणि हात लावला नाही!"

सून रडायला लागेल असं मला वाटलं. रडली नाही. हसली असती तरी चाललं असतं, हसलीही नाही. "आई, मी सभेत उभी राहणार होते," एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. सर बसूनच होते. त्यांना मी वाढलं. तीनदा वाढलं. जाताना म्हणाले, "मावशी, सभेनंतर कळलं असतं तर दोघेही गेलो असतो." मग थांबून म्हणाले, "रस्सा छान होता."

संध्याकाळी सून बशा उचलून निघाली. "मैत्रिणीकडे ठेवते. मुदत वाढवून मिळालीये, पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

"माझ्या घरून पाहुणे दुसऱ्याकडे राहायला जाणार?" मी दारात आडवी झाले. "लोक काय म्हणतील? ठेव इथेच. माझ्यावर सोड."

"तुमच्यावर सोडलं म्हणूनच हे झालं."

"तेव्हा तू सांगितलं होतंस, हात लावू नका. आता मी सांगते, खायला घालणार नाही. मी माझं सांगितलेलं मोडत नाही, लोकांचं मोडते."

ती मागे वळली. मग बशा परत फळीवर ठेवल्या.

ते महिने मी कसे काढले ते मला विचारा. आचाऱ्याला कोठीत पाऊल टाकू दिलं नाही, कांदे मी स्वतः काढायचे, तेही तोंड फिरवून. सोमवारी कलेजी दिसली की मी बाजारात दुसऱ्या गल्लीने जायचे. ते निळ्या बशीतले रोज कणभर लहान होत गेले, आणि माझा जीव कुठेतरी रमायला हवा म्हणून मी खाली लोकांना वाढत सुटले. छापखान्यातला एक जण म्हणाला, "मावशी, पट्टा आता कमरेला पुरत नाही." म्हटलं, नवा घे.

शेवटच्या रविवारी सून कोठीत गेली ती बाहेर येईना. मी दाराबाहेर उभी, झारा हातात, का घेतला ठाऊक नाही. शेवटी आली. डोळे लाल, पण हसत होती.

"सगळे लहान झालेत. जसे व्हायला हवे होते तसेच. मोजमाप पक्कं निघालं, आई. सर म्हणाले, आता माझ्या जागेला कुणी हलवत नाही."

"मग?"

"मग काय, झालं काम." तिने निळं झाकण उघडून बशी माझ्यापुढे धरली. "वाढा आता."

मी कलेजी सकाळीच आणून ठेवली होती. काडी हातात घेतली आणि थांबले. "एकदम पोटभर नको," मी म्हटलं. "इतक्या दिवसांची सवय गेलेली. आज थोडं, उद्या जरा जास्त."

"बरोबर आहे," सून म्हणाली.

दोघी वाकून बघत बसलो. सगळ्यांत बारका होता तो सर्वांत आधी आला.