हरणाबाईचा मोरपंखी फोन

उंब्रजला महामार्गावरून बाजारपेठेत शिरलं की थोड्या अंतरावर समीना मुल्लाचं मोबाईलचं दुकान लागतं. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. रसूलभाई घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. मोबाईल आले तसे ते मोबाईल उघडायला शिकले आणि जे शिकले ते लेकीलाही शिकवत गेले. ते वारले तेव्हा दुकानाला आता टाळं लागणार असं बाजारात बोललं गेलं. पण चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समीनानं शटर वर केलं. तिचा नवरा अश्फाक टेम्पो चालवायचा. तो भाड्यावर गेला की दुकानात ती एकटीच.

रसूलभाईंनी दुकानाच्या आतल्या भिंतीला एक लांब फळी ठोकून तिच्यावर चार्जिंगचे पॉईंट बसवले होते. ती फळी माणदेशातून येणाऱ्या मेंढपाळांसाठी. दिवाळी सरली की ती माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात, काढणी झालेल्या रानांतून खतासाठी मेंढरं बसवत फिरतात. रानात वीज कुठली? बाजाराच्या दिवशी बायका येऊन फोन फळीवर ठेवायच्या, मीठमिरची घेऊन परतेपर्यंत फोन भरलेला असायचा. त्याचे पैसे रसूलभाईंनी कधी घेतले नाहीत, समीनानंही नाही.

त्या बायकांतली हरणाबाई समीनाला लहानपणापासून ओळखायची. उंच, काटक बाई. रानात हाका मारून मारून आवाज असा झालेला, की दुकानात साधं बोलली तरी शेजारचा शिंपी मान वर करून बघायचा. तिची धाकटी लेक शिवांजली मिरजेला नर्सिंग शिकत होती. त्यांच्या वाड्यावरची, म्हणजे मेंढपाळांच्या त्या तळावरची, दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच पोर. यंदा दिवाळीनंतर हरणाबाई दुकानात आली ती हा विषय घेऊनच.

"समीना, बटनाचा फोन आता फुरं झाला. मला लेकीचं त्वांड बघायचं हाय. नुसतं बोलून प्वॉट भरत न्हाई."

समीनानं काचेच्या कपाटातून एक फोन काढला. नुकताच बाजारात आलेला, पाठ मोरपिसासारखी निळी-हिरवी चमकणारी. कंपनी नवी होती, पण फोटो सुरेख यायचे आणि बॅटरी भरपूर चालायची. समीनाला तो इतका आवडला होता की त्या महिन्यात जे गिऱ्हाईक येईल त्याला ती तोच दाखवत होती. तिनं शिवांजलीचा नंबर घातला, व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर लेक दिसली तशी हरणाबाईनं आधी पदर सारखा केला आणि मग विचारलं, "जेवलीस का?" दुकानातले सगळे हसले.

पहिली तक्रार आली ती एका शिक्षकांची. फोन कानाला लावला की आवाज तुटतो म्हणाले. समीनानं तिथंच लावून बघितलं, आवाज खणखणीत. सिमकार्ड बदलून दिलं, शिक्षक गेले. दोन दिवसांनी ऊसतोडीचा ट्रॅक्टरवाला आला, मग चोरे गावाकडची एक अंगणवाडीची बाई. सगळ्यांचं रडगाणं एकच. गावात फोन चालतो, गाव सोडलं की जातो.

तेव्हा समीनानं दुकान बंद करून स्कूटर काढली आणि स्वतःकडचा एक मोरपंखी फोन घेऊन ती गावाबाहेर, टॉवर मागं पडेल इतकी लांब गेली. फोन स्कूटरच्या सीटवर ठेवला, रेंज आली. हातात धरला, रेंज गेली. परत ठेवला, परत आली. तळहाताची पकड खालच्या कडेला बसली की फोन मुका व्हायचा. दुकानाच्या डोक्यावरच टॉवर असल्यामुळं तिथं ते कधी कळलंच नव्हतं. भर उन्हात ती तशीच उभी राहिली. इतक्या माणसांना आपण आपल्या तोंडानं सांगितलं, हाच घ्या म्हणून.

सांगलीच्या एजन्सीचा अमृत दर आठवड्याला माल घेऊन यायचा. समीनानं त्याच्यापुढं फोन ठेवला. तो ऐकून घेऊन हसला.

"वहिनी, फोनमध्ये काही नाही. लोकांची धरायची पद्धत चुकते."

"फोन हातात धरायचा नाही, तर काय डोक्यावर ठेवायचा?"

"अहो, तुम्ही मनावर कशाला घेता? सांगायचं, तुमच्याकडं नेटवर्कच कमी आहे. सिमकार्डवाल्यांवर ढकलून द्यायचं. सगळे तेच करतात. डबा फोडलेला माल एजन्सी परत घेत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

समीनानं त्याच्या नव्या मालाचं खोकं न उघडता तसंच त्याच्या हातात परत दिलं.

दुपारी अश्फाक जेवायला आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. समोरच्या बाजूला नवं मोठं शोरूम झालं होतं, दारात फुगे, आत गार हवा. गिऱ्हाईक आधीच तिकडं वळू लागलं होतं. अशा वेळी विकलेले फोन आपण होऊन परत घ्यायचे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं होतं.

अश्फाकनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"बदलून द्यावेत."

"मग विचारतीस कशाला? वर्षभर हात आखडून राहू. पण बाजारातनं मान खाली घालून फिरायचं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून समीनानं एकेकाला फोन करायला घेतलं. दुसऱ्या कंपनीचा, तेवढ्याच मोलाचा फोन घेऊन जा म्हणून सांगितलं. लोक आले. ट्रॅक्टरवाल्यानं तर पेढे आणले. शिक्षकांनी नवा फोन घेतला, मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी बायकोसाठी दुसरा फोन समोरच्या शोरूममधून घेऊन जाताना ते समीनाला दिसले. तिनं नजर वळवली. वाईट वाटलं, पण कुणाला काय म्हणायचं? त्यांचा विश्वास एकदा उडाला होता.

सगळे झाले, राहिली ती हरणाबाई. तिचा फोन लागेचना. सकाळी लाव, दुपारी लाव, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' हेच ऐकू यायचं. लागणार कसा? खोड फोनमध्येच होती, आणि खोड आहे हे सांगायला तोच फोन लागायला हवा होता. बाजारालाही ती बरेच दिवस आली नव्हती. शेवटी समीनानं मिरजेला शिवांजलीला फोन केला.

"ताई, आईचा फोन येतो, पण मध्येच तुटतो," शिवांजली म्हणाली. "मी म्हटलं, दुकानात परत देऊन टाक. तर म्हणाली, मेंढ्या व्यायला लागल्यात, आता वाडा सोडून जाता येत न्हाई, आणि समीनाला भेटल्याबगार मी हा फोन हातचा सोडायची न्हाई. मला वाटतं, तुमच्यावर चिडली असेल."

"कुठं आहेत सध्या?"

"मसूरच्या पुढं कुठंतरी."

समीनानं एक नवा फोन पिशवीत घातला आणि स्कूटरला किक मारली. मसूर ओलांडलं. चहाच्या टपरीवर विचारलं, रानात पाणी धरणाऱ्याला विचारलं, कुणी अलीकडं म्हणालं, कुणी पलीकडं. शेवटी सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या एका रानात मेंढरं बसलेली दिसली. मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळ्याजवळ हरणाबाईचा नवरा बिरदेव उभा होता. तिला बघून त्यानं लांबूनच आरोळी ठोकली, "आगं ये, आली बघ तुझी दुकानवाली!"

सगळ्या वाटेनं समीनानं मनाशी शब्द जुळवले होते, आता त्यातला एकही आठवेना.

हरणाबाई एका कोकराला आईच्या आचळाला लावत बसली होती. उठून आली, हात लुगड्याला पुसले आणि समीनाच्या दोन्ही गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

"येवढ्या उन्हाचं आलीस? आदी पानी पी."

"मावशी, फोन..."

"पी म्हनते न्हवं."

समीना पाणी प्याली. मोरपंखी फोन तिला दिसला तो घोड्यावर लादायच्या सामानाच्या गाठोड्यावर, दगडाला टेकवून उभा केलेला.

"हातात घेतला का रुसतंय ते," हरणाबाई म्हणाली. "म्हून तितं ठिवायचं आन हितनं बोलायचं. येरवी कमरंला खोवलेलं असतंय, तवा मुकंच. समद्या रानाला ठावं झालंय, माजी लेक काल काय जेवली ते."

बिरदेव खो खो हसला. समीनाला मात्र हसू आलं नाही. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. फोन खराब आहे, धरणाऱ्याची काही चूक नाही. मी दुकानात बसून बघितला, बाहेर नेऊन बघितला नाही, आणि तसाच तुमच्या हातात दिला.

हरणाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेंढ्या व्यायच्या आदी मसूरच्या बाजारात एक दुकानवाला भेटला हुता. म्हनला, मावशी, त्या बाईनं तुमाला फसीवलं, आना हिकडं, मी दुसरा देतो. मी म्हनलं, न्हाई गड्या. जिनं दिला तिच्या कानावर आदी घालीन. तिचं काय म्हननं हाय ते ऐकीन. मग बगू."

"पण मावशी, राग नाही आला?"

"आला की! पयल्या दिशी लय आला. लेक रडत हुती आन मदीच तुटलं. तवा वाटलं, नेऊन आपटावा तुज्या दुकानात." ती पुन्हा कोकराजवळ जाऊन बसली. "आगं, आमीबी जत्रंत मेंढरू घेतो. दात बगतो, लोकर बगतो, तरी एकांदं खोकनारं निगतंच. इकनाऱ्याला म्हाईत असंल, न्हाई तर नसंलबी. ते मानूस परत त्वांड दावतंय का, तेवढं बगायचं. तुजा बाप आमच्या फोनला कवा न्हाई म्हनला न्हाई. तू त्याची लेक. मला ठावं हुतं, तुला कळलं का तू ईशील."

गावात शिकलेसवरलेले लोक एका तक्रारीवर पाठ फिरवून गेले होते, आणि ही बाई बिघडलेला फोन महिनाभर गाठोड्यावर उभा करून, घसा फोडून बोलत राहिली होती, कारण आधी समीनाचं म्हणणं ऐकायचं होतं. आपल्या ओळखीचं एवढं मोल कुणी करेल असं समीनाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तिनं पिशवीतला नवा फोन काढला. हरणाबाईनं लगेच हात पुढं केला नाही.

"ह्यो चालंल?"

"चालेल."

"तसं नगं. हितं लावून दाव. त्या बांधावर चल, तितं तर काईच येत न्हाई."

मन मोठं होतं म्हणून बाई भोळी नव्हती. समीना मुकाट्यानं बांधावर गेली. सिमकार्ड घातलं, शिवांजलीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हरणाबाईच्या मुठीत दिला. वर्तुळ फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि पांढऱ्या गणवेशातली शिवांजली पडद्यावर आली. वॉर्डाच्या बाहेर जिन्यात उभी होती.

"आये! किती दिवसांनी नीट दिसतीस गं!"

"परीक्षा कशी गेली ते आदी सांग. आन त्या दिशी रडत का हुतीस? वरडून इचारता ईना."

"ते जुनं झालं आता. अगं, पहिल्यांदा एकटीनं सुई लावली पेशंटला. आजीबाई होत्या. म्हणाल्या, कळलंसुद्धा नाही."

हरणाबाई लेकीकडं नुसती बघत राहिली. मग एकदम फोन फिरवून तिनं नुकतंच जन्मलेलं कोकरू दाखवलं, घोडा दाखवला, लांब उभा असलेला बिरदेव दाखवला. त्यानं हात वर केला. फोन तिच्या मुठीत घट्ट होता आणि आवाज कुठं तुटत नव्हता. समीना बांधाच्या कडेला बसून राहिली. तिथं मायलेकींचं आपलं आपलं चाललं होतं, आपण मध्ये नको म्हणून तिनं तोंड दुसरीकडं केलं.

निघताना हरणाबाईनं खरवसाचा डबा तिच्या पिशवीत कोंबला आणि मोरपंखी फोन स्वतः पुसून परत दिला. "फोटू लय झ्याक यायचं ह्यात," एवढंच म्हणाली.

त्या साली दुकानाला खोट बसली ती बसलीच. मोरपंखी फोन अमृतच्या एजन्सीनं अखेरपर्यंत परत घेतले नाहीत. समीनानं त्यांच्याशी व्यवहार थांबवला आणि दुसरीकडून माल आणायला सुरुवात केली. शिक्षक काही परत आले नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडाला मेंढरं माणदेशाकडं परत फिरायची वेळ आली. एका बाजाराच्या दिवशी सकाळीच दुकानाच्या दारात बायकांचा घोळका उभा राहिला. निरनिराळ्या वाड्यांवरच्या, काही तर समीनानं कधी न पाहिलेल्या. पुढं हरणाबाई.

"ह्या धोंडुबाई, ह्या बनुबाई, आन ह्या समद्या," ती म्हणाली. "ह्यास्नी फोन पायजेत."

समोरच्या शोरूममधली माणसं काचेआडून बघू लागली. समीनानं घाईघाईनं चार-पाच नमुने काढून मांडले. धोंडुबाईनं एक उचलला, उलटासुलटा केला आणि हरणाबाईच्या तोंडाकडं बघितलं.

"हितं नगं बगू," हरणाबाई म्हणाली. "हितं टावर डोसक्यावर हाय. समीना, रानात चल."

समीनानं फोन पिशवीत भरले, शटर खाली ओढलं आणि त्या घोळक्यातून चालू लागली. बायका आपापसांत मोठमोठ्यानं बोलत होत्या, आणि भरल्या बाजारातनं त्यांना वाट मिळत गेली.