अमावस्येचा कडू दोडका

कुंजीलालच्या बाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या बागेत, त्या पहाटे साठ-सत्तर माणसे दाटीने उभी होती आणि सगळ्यांची नजर एका बाटलीवर होती. दोडक्याची वेल जमिनीपासून हातभर उंचीवर कापली होती. मुळाकडचा बुंधा वाकवून त्याचे टोक औषधाच्या काचेच्या बाटलीत सोडले होते, आणि त्या टोकातून पाण्याचे स्वच्छ थेंब एकामागून एक पडत होते. पश्चिमेला भाद्रपदातला पूर्ण चंद्र धानाच्या बांध्यांवर टेकला होता.

"पाहा माय, पाहा बापा," चंद्रेश्वर महाराज सांगत होते. "ये पानी नहीं, अमृत है. जो चंद्र समुद्र उचलते, त्याले तुमचा दोडका जड आहे का?"

दोडका जड आहे, असे कोणीही म्हणाले नाही. तासाभरात बाटलीत दोन बोटे पाणी जमले, तेव्हा काही बायकांनी बाटलीला हात जोडले. वेलीचा वरचा भाग मांडवावर तसाच लोंबत होता. त्यावर अकरा कोवळे दोडके होते. मी ते मोजले, कारण चमत्काराच्या ठिकाणी काहीतरी मोजत राहावे अशी मला सवय आहे. दुपारपर्यंत ते अकराही सुकले.

मी गोंदियाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो, कुडव्याला राहतो आणि रविवारी मोटारसायकलने गोरेगावजवळच्या या गावी रुक्मामावशीकडे येतो. ही गोष्ट २०१२ सालची. महाराज पूर्वाश्रमीचे शालीकराम. आमगावला फवारणीचे पंप विकत. पंप घेणारा माणूस 'बिघडला तर काय' असे विचारतो. चंद्राबाबत ते कोणी विचारत नाही. व्यवसायातला हा बदल मला पूर्णपणे तर्कशुद्ध वाटला.

त्यांनी 'चंद्र-बाडी पत्रक' छापून घरोघरी दिले होते. पालेभाजी शुक्ल पक्षात, मुळा-गाजर कृष्ण पक्षात, वांग्याची रोपे एकादशीला, आणि अमावस्येला वेलीला हातही लावायचा नाही. लावला तर घराला दोष. सगळ्यात ठळक अक्षरांत शेवटचा नियम होता: कोजागिरीच्या पहाटे प्रत्येक घराने आपली सर्वांत चांगली वेल कापावी, तिचे चंद्रजल वाफ्यांवर शिंपडावे आणि मगच हिवाळी भाजी पेरावी. तोवर गावातली सगळी पेरणी थांबली होती.

मावशीच्या मांडवावर त्या वर्षी एकच वेल होती. बाकीच्या ऑगस्टच्या झडीत कुजल्या. तिच्या दोडक्याचे बी चाळीस वर्षांपूर्वी तिच्या माहेरून आलेले. निम्म्या गावाच्या मांडवांवर त्याचीच संतती. दरवर्षी ती तीन दोडके बियांसाठी वेलीवरच वाळू देई. ते तिन्ही अजून हिरवे होते आणि दिवाळी उलटल्याशिवाय वाळणार नव्हते. कोजागिरी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी येत होती.

बी कच्चे राहील, हे मी तिला सांगितले.

"मले समजत नाही का, बाबू?" ती म्हणाली. "मागच्या साली माही मेथी उगवली नाही, पालक उगवला नाही. महाराज म्हनते, तिथी चुकली. साऱ्यायची बाडी हिरवी, माहीच उघडी. आता पुन्हा गावाच्या उलट जाऊ का?"

मागच्या वर्षीच्या मेथीचे पाकीट तिने छपराच्या वाशात खोचून ठेवले होते. त्याच्या पाठीवर बियांच्या मुदतीची तारीख होती. मुदत पेरणीच्या वर्षभर आधीच संपलेली, पालकाच्या पाकिटावरही तीच. तिथी चुकली होती हे खरे, पण ती पाकिटावर छापलेली होती, असे मी म्हणालो.

"छापलेलं तर महाराजायचंबी आहे," मावशी म्हणाली.

मग मी कुंजीलालकडे गेलो. पंधरा दिवसांपूर्वीच्या अमावस्येला महाराजांनी देवळामागची एक वेल सर्वांसमोर कापली होती आणि थेंबही आला नव्हता. अमावस्येला वेल कापण्याचा अधिकार फक्त त्यांचा, म्हणून दोषही त्यांना लागला नाही. ती केव्हा कापली, असे मी विचारले. दुपारी, पंगत उठल्यावर, असे तो म्हणाला. वेल मुरुमात होती आणि आठवडाभर पावसाची उघडीप होती. आणि कुंजीलालच्या वेलीला? तिला आदल्या संध्याकाळी एकवीस घागरींचा अभिषेक झाला होता, मंत्रासह.

"दुसऱ्या कोनी कधी अमावस्येले कापून पाहिली का?"

कुंजीलालने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "अमावस्येले कोन कापते, भाऊ?"

महाराजांची सगळी विद्या या एका वाक्यात सामावली होती. जिथे पाहायला कोणी जाणार नाही अशी जागा शोधावी आणि तिथे आपले प्रमाण ठेवावे.

माझी अडचण एवढीच होती की अमावस्येला कापायला वेल कोण देणार. ती मावशीनेच सोडवली. तिच्या उकिरड्यावर दोन वेली आपोआप उगवल्या होत्या आणि दोन्हींचे दोडके इतके कडू की बकरीसुद्धा तोंड लावत नसे. "याह्यले दोष लागला तर लागू दे," ती म्हणाली. "आधीच काय कमी आहे?"

सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी उकिरड्याच्या कडेच्या वेलीला तिने एकवीस घागरी पाणी घातले. दुसरी वेल पलीकडे कोरड्या अंगाला होती. तिला काहीच घातले नाही. पाणी घालताना काय म्हणायचे, असे तिने विचारले. काहीच म्हणायचे नाही, असे मी सांगितले.

"मंग एकवीस घागरी मी कायचा विचार करू?"

"वांग्यांचा कर."

पहाटे कुंजीलाल आला, चार शेजारी आले. अमावस्या असल्याने सगळे जरा लांबच उभे राहिले. कोयता मी चालवला. बुंधा वाकवून बाटलीत सोडला. सुमारे मिनिटभर काही झाले नाही, आणि त्या मिनिटात मला आपल्या शास्त्रापेक्षा आपल्या नोकरीची जास्त काळजी वाटली. मग कापलेल्या टोकावर पाण्याचा मणी फुगला आणि पडला. त्यामागून दुसरा. तासाभरात दोन बोटे. आकाशात चंद्राचा पत्ता नव्हता.

दुपारी दोनला दुसरी वेल कापली. अर्धा तास सगळे बसून राहिले, बाटली कोरडी. दिवस तोच, अमावस्या तीच, दोष असलाच तर तोही तोच.

कुंजीलालने दोन्ही बाटल्या उचलून शेजारी-शेजारी धरल्या. मग त्याने विचारले, "म्हंजे माहे अकरा दोडके फुकट गेले?"

त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो. वेलीची मुळे रात्रभर जमिनीतले पाणी ओढत असतात. रात्री पानांची सूक्ष्म छिद्रे मिटलेली असतात, पाणी बाहेर जात नाही, आणि आत मुळांचा दाब वाढत जातो. ओल भरपूर असेल आणि पहाटे वेल कापली, तर दाबलेले पाणी बाहेर येते. दुपारी उलट होते. उन्हात पाने पाणी वेगाने उडवतात, दाब उरत नाही. त्यात जमीन कोरडी असेल तर थेंबही येत नाही. महाराजांनी बदलली ती तिथी नव्हती. वेळ बदलली आणि ओल बदलली. अभिषेकात मंत्र बिनकामाचा होता, घागरी कामाच्या होत्या. पंप विकत हिंडताना एखाद्या बागवानाकडून त्यांना हे कळले असावे.

बातमी महाराजांपर्यंत गेली आणि कोजागिरीच्या तीन दिवस आधी ते स्वतः आले. ते रागावले नव्हते. समजावण्याच्या स्वरात बोलत होते. अमावस्येला पाणी येतेच, पण ते राहूचे पाणी. दिसायला सारखे, वाफ्यावर पडले तर बाडी जळते. फरक कळायला साधना लागते.

मावशीने दोन सारख्या बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. एक कुंजीलालच्या देव्हाऱ्यातली पौर्णिमेची, एक उकिरड्याची, असे ती म्हणाली. कोणती कोणाची ते ओळखून द्या, म्हणजे राहूचे पाणी फेकता येईल. महाराजांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या, हुंगल्या, डोळे मिटले. मग डावी उचलून कपाळाला लावली. "शीतलता येऊन राहिली. हे चंद्रजल. आणि ह्याच्यात," उजवीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आग आहे."

"दोन्ही हापशीचं आहे, महाराज," मावशी म्हणाली. "सकारीच भरून आनलं."

अंगणात कोणी हसले नाही. हसू दाबल्याचा आवाज मात्र बराच झाला. प्रयोगशास्त्राच्या दृष्टीने हा प्रकार नियमबाह्य होता आणि मला त्याची पूर्वकल्पना नव्हती. निष्कर्ष मात्र निर्णायक होता. महाराज उठले, तशी मावशीने आणखी एक शंका विचारली.

"चंद्र समुद्र उचलते म्हनता, तर आमची बोडी काऊन नाही उचलत? बोडी तर दोडक्याहून मोठी आहे."

गावच्या तळ्याविषयीच्या या प्रश्नाचे उत्तर आमगावच्या बसमध्ये गेले. गावात आले नाही.

कोजागिरीला गावाने दूध आटवले. वेल कोणी कापली नाही. त्याच आठवड्यात मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरले गेले. बी ताजे होते, जमिनीत ओल होती, हवा थंड झाली होती, आणि सगळे उगवले. जुन्या बायकांना हे ठाऊक असतेच. त्या 'दिवाळीच्या तोंडावर सांबार टाक' म्हणतात तेव्हा तिथी नव्हे, ऋतू सांगत असतात. ऋतू खरा आहे. तो ऊन, पाऊस आणि थंडी घेऊन येतो. पंचांग त्याची आठवण ठेवायला चांगले; त्याच्या जागी बसवायला नव्हे.

म्हणून विनंती एवढीच. पौर्णिमेला कोणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करण्याची घाई करू नका. तोच प्रयोग अमावस्येला, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या उकिरड्यावर करून पाहा. जो पाहू नका म्हणतो, त्याला आधी कारण विचारा.

दिवाळीनंतरच्या रविवारी गेलो तेव्हा तिन्ही दोडके वाळून खडखडत होते. मावशीने मला कुडव्याच्या घरासाठी बियांची पुडी दिली. कागद ओळखीचा वाटला म्हणून उलगडून पाहिला. चंद्र-बाडी पत्रक होते. बी कोणत्या तिथीला लावू, असे मी मुद्दाम विचारले.

"पानी पडू दे," ती म्हणाली. "मंग ज्या दिवशी तुले फुरसत भेटेल त्या दिवशी."